पाण्यापलीकडची हाक

मे महिना, १९६९. सुकी मासळी मडक्यांत भरून ठेवायचं काम काढलं आहे. बांगडे झाले, बारीक सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, अजून सुपात आहेत. पावसाच्या आधी हे उरकलं नाही तर चार महिने नुसती पेज प्यायची पाळी येते. मध्येच हात धुतले आणि लिहायला बसले. वास गेलेला नाही. तो जात नाही.

मी काही लिहिणारी बाई नव्हे. मराठी सातवी झाले, दुकानदार फसवणार नाही एवढं वाचता येतं. पण हे तोंडानं बोलायला गेले तर जमणार नाही, म्हणून लिहिते. आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. भावाला ठाऊक नाही, शेजारणीला नाही. देवळात हात जोडते तेव्हासुद्धा या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाते. देवाला काय कळत नसेल? पण मी बोलत नाही आणि तो विचारत नाही, असं आमचं इतकी वर्षं चाललं आहे.

काल देवगडहून कुसुमची सासू आली होती. कुसुम माझी भाची, भावाची मुलगी. यंदाच लग्न झालं. विहीणबाई बोलक्या. आंब्याची पेटी ओटीवर टेकवली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चेडवाचा सगळा बरा हा हो तुमच्या. हात चलाक, तोंड गोड. एकच खोड—हाक मारली काय ओ देना नाय. कलमांतसून हाका मारून माझो गळो सुकता, आणि ही बाजूकच उभी! जवळ जावन हात लावलो काय मगे हसता. कानान कमी तर नाय ना गो?"

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, "कान बरे आसत. लहानपणची सवय ती."

लहानपणची सवय. कोणी लावली, ते सांगितलं नाही. तेच आता सांगायचं आहे.

मी लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाले आणि देवबागला माहेरी परत आले. आमचं घर खाडीच्या अंगाला, मागच्या दारातून समुद्राचा आवाज आणि पुढच्या दारातून खाडीचं पाणी. भाऊ वासू माझ्यापेक्षा लहान, स्वतःची होडी होती. त्याची बायको सरू कुडाळजवळच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मासळी चिरता येत नव्हती. बांगड्याचं डोकं कापताना डोळे मिटून घ्यायची! मी हसायचे, तीही हसायची. महिन्याभरात शिकली. पण भरती-ओहोटीचं गणित तिला शेवटपर्यंत आलं नाही. "रखमाक्का, मघाशी हयसर पाणी होता, खंय गेला?" असं विचारायची. आमची दोघींची मैत्री होती म्हटलं तर खोटं नव्हे.

वासू दारू प्यायचा आणि हात उचलायचा. मी बघत होते. मध्ये पडले का? एकदोनदा पडले, मग सोडून दिलं. घर त्याचं होतं आणि मी त्याच्या घरात होते.

कुसुम चार वर्षांची असताना, ऐन श्रावणात, सरूचा भाऊ येऊन सरूला घेऊन गेला. त्या दिवशी पोर तापानं फणफणली होती. बाहेर पाऊस, होडीतून न्यायचं कसं? मीच म्हणाले, "ताप उतारलो काय मी स्वता हाडून पोचवतंय." सरूनं माझ्या शब्दावर पोर ठेवली.

ताप उतरला. मी पोचवली नाही. वासू नको म्हणाला हे खरं. पण मी हट्ट धरला का? नाही. सकाळी उठल्याबरोबर ते पोर माझ्या पदराला धरून चुलीपाशी येऊन बसायचं, पेजेतली खोबऱ्याची कातळी मागायचं. मला ते बरं वाटत होतं. इतकंच.

सरूनं कोर्टात अर्ज केला. तिचा भाऊ शाळामास्तर, त्याला कायदा माहीत. निकाल लागेपर्यंत न्यायाधीशांनी एक हुकूम केला—दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीला तरीतून पलीकडच्या काठावर न्यायचं आणि आईला भेटवायचं. नेऊन आणायचं काम माझ्याकडे.

ते रविवार मला अजून लख्ख आठवतात. कुसुमला सकाळीच न्हाऊ घालायची. परकर-पोलका, पायात काही नाही. तर म्हणजे भिकूची होडी. कुसुम काठाशी बसून पाण्यात बोटं सोडायची आणि भिकू ओरडायचा, "गो, बोटां काढ, तांबोशी चावात!" ती किंचाळून हात आत घ्यायची, की लगेच परत बाहेर. पलीकडे उंडीचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत सरू येऊन बसलेली असायची. किती लवकर निघत असेल? चालत यायची. पण आम्ही पोचलो की ती नेहमी आधीच तिथे. घावणे आणायची, खोबऱ्याचा गोड रस आणायची, काजूच्या दिवसांत ओल्या काजूची उसळ. मी तिच्यासाठी तळलेला बांगडा न्यायचे, कारण तिच्या माहेरी चांगली मासळी मिळायची नाही. भिकू एकदा म्हणाला, "कोर्टान ह्या बरा केल्यान, रखमाक्का! घोवाक वगळल्यानी आणि नणंद-भावजयांका एका पानार जेवक बसवल्यानी." सरू इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी खरं सांगते, त्या झाडाखाली मला माझ्या घरापेक्षा जास्त घरात असल्यासारखं वाटायचं. कुसुम मधे, एका बाजूला ती, एका बाजूला मी. जेवण झालं की सरू तिचे केस सोडून तेल लावायची आणि अगदी घट्ट, बारीक वेणी घालायची, तिच्या गावच्या पद्धतीची. वर अबोलीचा वळेसर. मी घातलेली वेणी सोडून ही वेणी. संध्याकाळी घरी आल्यावर कुसुम मला त्या वेणीला हात लावू द्यायची नाही. दोन-दोन दिवस तशीच ठेवायची, अबोली सुकून काळी पडेपर्यंत.

तिथेच सुरुवात झाली का? असेलही. वेणीसारख्या गोष्टीवरून माणूस इतकं करतं का? मला वाटायचं, करत नाही.

एका रविवारी परत येताना कुसुम होडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सहज म्हणाली, "आत्ये, आवस म्हणता, कोर्ट संपला काय आमी दोगां जातलंव. तू येतलंस मा गो आमच्यावांगडा?"

आईबरोबर जायचं, तर आत्यालाही न्यायचं—किती मायेनं विचारलं होतं पोरानं! आणि मला एकदम पाण्यात ढकलल्यासारखं झालं. मी कुठे जाणार? सरूच्या भावाच्या घरी? आणि इथे—पोर गेल्यावर इथे तरी माझं काय होतं? वासू दुसरी बायको आणेल, ती चुलीचा ताबा घेईल. विधवा नणंद कशाला हवी? पोराला सांभाळते म्हणून त्या घरात माझं पान मांडलं जात होतं. हे कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

पुढच्या महिन्यात पहिला रविवार आला. मी कुसुमला न्हाऊ घातली नाही. भिकूला सांगितलं, "चेडवाक ताप आसा, पलीकडे सांग." ताप नव्हता. ती अंगणात माझ्याजवळ बसून सुंगटांतला कचरा निवडत होती. भिकू गेला, निरोप दिला असणार.

दुपारची वेळ. वारा पडलेला, खाडी सपाट. अशा वेळी पलीकडच्या काठावर कोणी खोकलं तरी अलीकडे ऐकू येतं. आणि हाक आली.

"गो कुसूऽऽ!"

ताप आहे म्हणून कळलं होतं तिला. आलीच आहे तर पोराचा निदान आवाज तरी ऐकू, एक ओ तरी देईल, असं वाटलं असणार. परत हाक आली. लांबून नाव किती लांब होऊन येतं! मला झाडाखाली हिरवं लुगडं दिसत होतं, कपाळावर आडवा धरलेला हातही दिसत होता. कुसुम खाली बसलेली, तिच्या पुढ्यात कुडाची भिंत. तिला दिसत नव्हतं.

तिनं मान वर केली. "आत्ये, कोण गो हाक मारता?"

आता बघा, मी काहीही म्हणू शकले असते. कोणी उतारू तरीला हाक मारतो आहे, दुसरी कोणी कुसुम असेल. पण ती ओ द्यायला तोंड उघडत होती. आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप. ओ देव नको."

"कित्याक?"

"भर दुपारी पाण्यापलीकडसून नावान हाक येता, ती माणसाची नसता. लावसट ती. ओ दिलंस तर घेवन जाता."

लावसट म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत. दुसऱ्यांच्या पोरांसाठी तडफडत फिरतं, असं आमच्याकडे मानतात. कुसुमला ते माहीत होतं, आमच्याकडच्या सगळ्या पोरांना माहीत असतं. तिचे डोळे एवढे मोठे झाले. हळूच म्हणाली, "तिका माझा नाव कसा गावला?"

"तिका सगळ्यांची नावां म्हायत असतत. कानात बोटां घाल."

तिनं घातली. पलीकडून हाका येत राहिल्या. मी सुंगटं निवडत राहिले. हिरवं लुगडं झाडाखालून हललं आणि दिसेनासं झालं, तोवर मी बरीच निवडून संपवली होती.

एका दुपारपुरतं करायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण भीतीला आपण सांगतो का, एवढीच रहा म्हणून? पुढच्या वेळी मी नेणार होते, खरंच नेणार होते असं मला वाटतं—पण होडी दिसल्यावर पोर वाळूत बसली. "माका थंय जावचा नाय. थंय लावसट आसा." मी समजूत घातली का? नाही. घरी घेऊन आले. पलीकडून हाक आली, तेव्हा तिला सांगावं लागलं नाही. आपणच आत पळाली, कानात बोटं घालून कणगीच्या मागे बसली. त्यानंतर तर कोणी उतारूनं तरीला कुकारा घातला तरी ती दचकायची.

आणि मला फार सोपं झालं. "पोर यायला तयार नाही," असं मी कोणालाही छातीवर हात ठेवून सांगू शकत होते. शब्दाशब्दानं खरं!

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी कुसुमला समोर आणायला सांगितलं. घाटावरचे गृहस्थ, बोलायला अगदी मऊ. तिला जवळच्या खुर्चीवर बसवलं, लिमलेटची गोळी दिली. कुठे राहतेस, कोणाजवळ निजतेस, कोण जेवायला घालतं, सगळं विचारलं. ती माझ्याकडे बोट दाखवत बोलत होती. घाबरलेली नव्हती. मग ते सरूला म्हणाले, "बाई, पुढे या. बोलवा तिला."

सरू तोवर मागे, पदर ओढून उभी होती. पुढे आली. गुडघ्यांवर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "गो कुसू."

तोंड आईचं होतं, पण आवाज त्या हाकेचा. पोरानं एक किंकाळी फोडली. खुर्चीवरून उडी मारून माझ्याकडे आली, कानांत बोटं घातली आणि माझ्या निऱ्यांत तोंड खुपसलं. तिचा परकर ओला झाला होता.

न्यायाधीशांनी मला विचारलं. मलाच विचारलं, वकिलांना नाही. "ही मुलगी आईला इतकी का भिते? तुम्ही सांभाळता तिला. काही सांगू शकाल?"

त्यांनी विचारलं होतं. कोणी विचारलंच नाही, असं मला म्हणता येत नाही. ते थांबले होते माझ्यासाठी.

मी कोर्टातली मराठी काढली. म्हणाले, "काय सांगू साहेब? आई टाकून गेली तेव्हापासून अशीच करते."

हे माझं खोटं. लावसटीचं एका लेकराला सांगितलेलं होतं, हे शपथेवर. पहिलं मी घाबरून बोलले असेन. दुसऱ्याच्या वेळी मी घाबरलेली नव्हते. काय बोलते आहे ते मला नीट कळत होतं.

सरू अजून गुडघ्यांवर होती. ती कुसुमच्या कानांतल्या बोटांकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्याही गावात पोरं लावसटीच्या भीतीनं तशीच कानात बोटं घालतात, तीसुद्धा लहानपणी घालत असेल. तिला कळलं. पण बोलणार काय? मला भूत म्हणून सांगितलं आहे, असं त्या घाटावरच्या साहेबांना सांगणार? तिचा वकीलसुद्धा हसला असता.

मुलगी बापाच्या घरी, आत्याच्या देखरेखीखाली राहील, असा निकाल झाला. आईनं वाटलं तर घरी येऊन भेटावं.

बाहेर ओटीवर सरू माझ्यापाशी आली. कुसुम माझ्या खांद्यावर, डोळे मिटून. मला वाटलं, आता शिव्या देईल, झिंज्या धरेल. मी त्याला तयार होते. ती एवढंच म्हणाली, "रखमाक्का, चेडू भियाला. मी आता हाक मारूची नाय. पण तेवढी तेची भीती काढ."

आणि भावाबरोबर निघून गेली. परत आली नाही. अजून आहे ती, त्याच गावात. कुसुमच्या लग्नाचं तिला कळवलं नाही. मी नको म्हणाले.

वासूनं दुसरं लग्न केलं. ती बाईही चांगली निघाली, चुलीवरून आमचं कधी वाजलं नाही. माझं पान मांडलं जायचं थांबलं नसतं, असं आता वाटतं. पण हा काही माझा बचाव नव्हे, उलटंच आहे. कुसुमला मी जीव लावून वाढवली, हेही खरं. तेही बचाव म्हणून सांगत नाही. चोरलेल्या गाईलासुद्धा माणूस चारा घालतोच.

भीती काढ, असं सरू म्हणाली होती. एवढं एकच तिनं माझ्याकडे मागितलं. काढायची एक रीत अगदी सरळ होती. पोराला मांडीवर घेऊन सांगायचं, ती तुझी आवस होती, लावसट नाही, आत्या खोटं बोलली. सहा वर्षांच्या पोराला तेवढं कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुसुमला न्हाऊ घातली, नारळ आणि उदबत्ती घेतली आणि तिला घाड्याकडे नेलं. आमच्याकडे भुताखेताची बाधा काढायला, देवाला गाऱ्हाणं घालायला घाडी असतो. त्यानं विचारलं, "काय दिसता चेडवाक?" मी म्हणाले, "दिसत नाय. पलीकडसून एक बाई हाक मारता." त्यानं कुसुमच्या कपाळाला अंगारा लावला, नारळ देवापुढे ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू तुझ्या पायांकडे इला हा. पाण्यापलीकडसून जी कोण बाई तेका नावान हाक मारता, ती खंयची असो, कोणाची असो—तिची हाक ह्या लेकराच्या कानार पडा देव नको. तिची वाट ह्या घराकडे येना नाय, अशी कर रे म्हाराजा!"

मी मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मी कुसुमला कोपरानं हलवलं. मग तीही म्हणाली.